समुद्राकाठचं स्वस्त घर, पण बोलायचं कुणाशी?

मी बोलतोय लोणी देवकरहून. मध्येच सोलापूर हायवेवरचा एखादा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या.

आजचा विषय सध्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरतोय. चीनने 1 ऑक्टोबर 2025 पासून ‘के व्हिसा’ सुरू केला, विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या तरुणांसाठी. त्याच महिन्यात भारत-चीन थेट विमानंही पाच वर्षांनी परत सुरू झाली. मग काय, रील्सचा पाऊस! शांघाय सोडा, छोट्या किनारी शहरात राहा, खिडकीतून समुद्र बघा, आणि भाडं पुण्यापेक्षा कमी. मी बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, अजून लग्न नाही. म्हणजे या रीलचं पक्कं गिऱ्हाईक मीच. म्हणून नियम, नकाशे सगळं नीट बघितलं. त्यातून जे हाती लागलं ते आधीच सांगतो: छोट्या शहरात पैसा कमी लागतो, पण भाषा जास्त लागते.

आता एक शहर धरून बोलू. शानदोंग प्रांतात वेइहाई नावाचं बंदर आहे. 1898 ते 1930 ते ब्रिटिशांकडे भाडेपट्ट्यावर होतं. समोर कोरिया, तिकडे बोटी जातात. या वेइहाईच्या हाताखाली रूशान नावाचं छोटं शहर येतं. तिथला यिनथान, म्हणजे ‘चांदीचा किनारा’, स्वस्त फ्लॅटसाठी चीनभर गाजलाय. एक लाख युआनच्या आत, म्हणजे साधारण बारा लाख रुपयांच्या आत, फ्लॅट विकले गेल्याच्या बातम्या तिथे आल्यात. बारा लाखांत पुण्यात काय येतं ते तुम्हाला माहितीये.

पण स्वस्त का, हे विचारायला पाहिजे ना? बिल्डरांनी तिथे सुट्टीतली घरं म्हणून टॉवरच्या टॉवर उभे केले. लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतले. उन्हाळ्यात माणसं येतात, थंडीत बिल्डिंगच्या बिल्डिंग अंधारात. कारखाने, ऑफिसं त्या मानाने नाहीत. म्हणजे घर स्वस्त आहे कारण तिथे नोकरी नाही. आणि थंडी साधी नाही, समुद्रावरून बर्फ येतो. जवळच्या रोंगछंगला त्याच थंडीत हंस येतात, आपल्याकडे भिगवणला रोहित येतात तसे. पक्ष्यांना परवडतं, त्यांना व्हिसा लागत नाही!

तर कागदांकडे येऊ. के व्हिसासाठी चिनी कंपनीचं निमंत्रण लागत नाही, हे खरं. पण त्याला नोकरीचा परवाना समजू नका. तो शिक्षण, संशोधन, उद्योजकता अशा कामांसाठी आहे. पगारी नोकरीचा नेहमीचा रस्ता म्हणजे झेड व्हिसा. आधी कंपनी तुमच्यासाठी वर्क परमिट काढते, त्यासाठी साधारणपणे पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव बघतात. तिथे उतरल्यावर तीस दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. आणि हे परमिट त्या कंपनीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही डळमळतो. मोठ्या शहरात दुसरी कंपनी शोधता येते. रूशानमध्ये कुठे शोधणार?

कुणी म्हणेल, टुरिस्ट व्हिसावर जाऊ आणि गुपचूप लॅपटॉप उघडून काम करू. मित्रांनो, परवान्याशिवाय काम केलं तर तिथल्या कायद्यात पाच हजार ते वीस हजार युआन दंड आहे. प्रकरण गंभीर ठरलं तर पाच ते पंधरा दिवस कोठडी.

अजून एक. हॉटेल सोडून घरात राहिलात तर 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. शांघायच्या घरमालकाला हे पाठ असतं. छोट्या शहरातल्या मालकाने आयुष्यात परदेशी भाडेकरू बघितलेला नसेल, तर सगळं त्याला तुम्हीच समजावणार. कोणत्या भाषेत?

आपल्या गावचंच बघा. इथे एमआयडीसी आहे, बिहार-यूपीकडची पोरं खोल्या करून राहतात. आपण आधार कार्ड मागतो, पोलिसांत कळवा म्हणतो, आणि कोपऱ्यावर उभं राहून म्हणतो, “बाहेरची दिसतात.” पण ज्याला मोडकंतोडकं का होईना मराठी येतं, त्याला किराणावाला उधार देतो. रूशानमध्ये तो बाहेरचा पोरगा तुम्ही असणार.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. घरी फोन कसा करणार? चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गुगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम बंद. तिथे सगळं वीचॅटवर चालतं, गप्पा पण आणि पैसे पण. आणि वीचॅटवर भारताने 29 जून 2020 ला बंदी घातली, टिकटॉकसोबत. म्हणजे माझ्याकडे जे चालतं ते आईकडे चालत नाही आणि आईकडे चालतं ते माझ्याकडे नाही. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सअॅप चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरतो. पण त्याचा खर्च भाड्याच्या हिशोबात धरा. वेळ अडीच तास पुढे. घरी रात्री साडेनऊला जेवणं उरकतात, तेव्हा तिकडे बारा वाजलेले.

खाण्याचं फार घाबरू नका. शानदोंग गहू आणि शेंगदाण्याचा मुलूख. पातळ भाकरीसारख्या पोळीत कांद्याची हिरवी पात गुंडाळून खाणं ही तिथली ओळख. आपल्या भाकरी-कांद्याची चुलतबहीणच! पण हॉटेलात “मांस नको, अंडंही नको” हे चिनीतच सांगावं लागतं.

मग मराठी माणूस तिथे रुजूच शकत नाही का? याच हायवेवरच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवा. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. बाकीचे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. ते किनाऱ्यावर नव्हते, उत्तरेच्या डोंगराळ भागात, युद्धात. त्यांनी चिनी शिकली, चिनी विद्यार्थ्यांना शिकवलं, 1941 मध्ये बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, क्वो छिंगलानशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, वय फक्त 32. तिथे आजही त्यांचं नाव घेतात. अॅप नव्हतं, भाषांतर करणारा फोन नव्हता. हातात उपयोगाचं काम होतं आणि तोंडात तिथली भाषा. परक्या गावात या दोन गोष्टींवरच माणूस टिकतो.

म्हणून मी ठरवलंय ते सांगतो, तुम्ही तुमचं बघा. आधी चिनी भाषेची एचएसके परीक्षा, जुन्या पद्धतीतली तिसरी पातळी, म्हणजे सहाशे शब्द. रोज चार शिकले तर पाच महिने. ते इथे लोणीत बसून होतं, व्हिसा लागत नाही. मग नोकरी, तीही आधी छिंगदाओसारख्या मोठ्या किनारी शहरात. तिथून रूशान रेल्वेने जोडलेलं आहे, हिवाळ्यात आठवडाभर राहून बघायचं. रिकाम्या टॉवरमध्ये रात्री सात वाजता कसं वाटतं ते रीलमध्ये दिसत नाही. एवढं करूनही मन म्हणालं राहू, तर खुशाल राहायचं. आणि पाच महिन्यांत सहाशे शब्दांचाच कंटाळा आला, तर उत्तर तिथेच मिळालं. विमानाचं तिकीट वाचलं!

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि घरी फोन करा, अजून लागतोय तोवर. भेटू!