श्लोकाचा संदर्भ आणि ईश्वराचा कौल
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. आपल्या घरोघरी गीतेची पोथी आहे व तिची पूजाही होते. परंतु अडचण आली की डोळे मिटून पोथी उघडावयाची आणि बोट पडेल तो श्लोक ईश्वराचा कौल मानावयाचा, ही रीतही काही घरी आढळते. त्यामागील श्रद्धा वंदनीय आहे. पण शास्त्र वाचण्याची पद्धत निराळी आहे.

मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत. आरंभ व शेवट काय, वारंवार काय सांगितले, नवे काय, फळ कोणते, स्तुतिपर भाग कोणता आणि युक्तिवाद कसा चालला, हे पाहावे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हीच कसोटी लावली. त्यांचे अनुयायी लोकनायक बापूजी अणे आपल्याच जिल्ह्यातील वणीचे. त्यांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत काव्यात रचिले. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ ग्रंथास त्यांच्या पश्चात १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

ही कसोटी आपणही लावून पाहू. दुसऱ्या अध्यायातील ४७ व्या श्लोकातून ‘फळाची आशा नको’ एवढेच लोक उचलतात. त्याचा चौथा चरण मात्र कर्म न करण्याचाही आग्रह धरू नकोस, असे बजावतो. नवव्या अध्यायातील योगक्षेमाचे आश्वासन आयुर्विमा महामंडळाच्या ब्रीदामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. पण त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात अनन्य चिंतनाची अट आहे. अठराव्या अध्यायातील ६६ व्या श्लोकात भगवंत ‘मला एकट्याला शरण ये’ म्हणतात. त्याच्या तीनच श्लोक आधी मात्र ‘या सर्वांचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर’, असेही तेच सांगतात. म्हणजे विचार आधी आणि शरणागती नंतर.

आता आरंभ पाहा. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले, तेव्हा त्याने आपले दुःख लपविले नाही. ‘माझे मन गोंधळले आहे, मला मार्ग सांग’, असे तो सारथ्याजवळ मोकळेपणाने बोलला. त्या बोलण्यानंतरच उपदेश सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात कापूस बुडाला की ‘देवाची इच्छा’ म्हणून कर्जाचा आकडा मनात दाबून ठेवणारे कर्ते पुरुष आहेत. त्या मौनाने किती घरे उघडी पडली, हे यवतमाळकरांस सांगावयास नको. बंधूंनो, ज्यास ईश्वराचे मार्गदर्शन हवे, त्याने प्रथम अर्जुनासारखे बोलावे. पत्नीजवळ, भावाजवळ, या मंडळातील वडीलधाऱ्यांजवळ बोलावे. भगवंताचा शब्द पुष्कळदा आपल्याच माणसांच्या मुखातून येतो.

आणि शेवटी अर्जुन उठतो. मोह गेला, आता तुझे सांगणे करीन, असे म्हणतो. ईश्वरावरील विश्वास म्हणजे हेच उठणे होय.

एक लहानशी सूचना करितो. गीतेचे श्लोक ७००. चातुर्मासात प्रतिदिनी ६ श्लोक, क्रमाने व अर्थासह, मुलांना जवळ बसवून वाचावेत. चार महिन्यांत ग्रंथ पुरा होतो. मग कौल लावण्याची गरज उरणार नाही.