जीर्ण झालेलं दुरुस्त करणं हाही धम्म

(उमरोळी येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असा समितीने आग्रह केला तेव्हा आम्ही दोघंही गांगरलो. आम्ही काही धम्माचे अभ्यासक नाही. आमच्यापैकी एकजण तारापूरच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर, दुसरं लोकलने विरारकडे. दिवसपाळी, रात्रपाळी, डबे, मुलीची दहावी, धाकट्याचा ताप, यातून वंदनेला दहा मिनिटं काढताना नाकी नऊ येतात. अशा माणसांनी काय सांगावं? शेवटी ठरवलं की गेल्या वर्षी घरात जे घडलं तेच सांगावं. विषय ऐकून हसू नका. विषय आहे एक मोडकी खुर्ची.

आमच्या बाबांना बोईसरला नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी जुन्या बाजारातून एक सागवानी टेबल आणि हातांची खुर्ची आणली. तेव्हा घरात पलंग नव्हता, कपाट नव्हतं, सगळे जमिनीवर झोपत. नातेवाईक म्हणाले, आधी खाट तरी घ्यायची. बाबा म्हणाले, झोपायला जमीन पुरते, लिहायला टेबल लागतं.

बाबांच्या या बोलण्यामागे काय होतं ते आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना इतर मुलांबरोबर बसू देत नसत. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते वेगळे बसत आणि शाळा सुटली की तो तुकडा घरी घेऊन जात. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्या आज्या-पणज्यांना गावात वरच्या लोकांसमोर खाटेवर बसायची चोरी होती. म्हणून आपल्या वस्तीत पहिली खुर्ची आली ती नुसती लाकडाची वस्तू म्हणून आली नाही. आमच्या बाबांच्या त्या टेबलावर वस्तीतली कितीतरी मुलं पाढे शिकली, अर्ज लिहायला शिकली. १४ एप्रिलला तेच टेबल पुसून, पांढरं कापड घालून, त्यावर बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती ठेवली जायची.

पुढं काळ बदलला. आम्ही हप्त्यावर सोफासेट घेतला. टेबल पडवीत गेलं, त्यावर तांदळाच्या गोण्या आल्या. खुर्चीचा मागचा पाय ढिला झाला, एक हात निखळला, तीही बाहेर गेली. बाबा थकले होते. सोफ्यावर बसलं की त्यांना उठता यायचं नाही. प्लास्टिकची खुर्ची त्यांना आवडायची नाही. ते म्हणायचे, "अरे, तेवढा पाय बसवून आणा." आम्ही म्हणायचो, "रविवारी बघू, बाबा." रविवार आला की कुणाचं लग्न, कुणाची पाळी, नाहीतर अंगात आळस. असे किती रविवार गेले त्याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी वैशाखात बाबांचं निधन झालं. पाय बसवायचा राहून गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं वाढली म्हणून कुणीतरी ती खुर्ची आत आणली आणि एक पाहुणे पडता पडता वाचले. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. टेबल-खुर्ची मिळून दीडशे रुपये सांगितले त्यानं. आम्ही हो म्हणणार, तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. भंगारवाल्याला आम्ही रिकाम्या हातानं परत पाठवलं.

वस्तीत सुतारकाम करणारे एक काका आहेत. त्यांना म्हटलं, तुम्हीच करून द्या, मजुरी देतो. काका म्हणाले, "मी दाखवतो, तुम्ही करा. तुमच्या बाबांची खुर्ची आहे." मग वर्षावासाच्या तीन महिन्यांत, रविवारी विहारातलं ग्रंथवाचन आटोपलं की तासभर आणि मधल्या दिवशी जमलं तर अर्धा तास, असं काम सुरू झालं.

पहिला प्रश्न, खुर्चीचा निखळलेला हात गेला कुठं? घर पालथं घातलं. शेवटी सापडला मोरीत! दोन वर्षं आम्ही त्यानं गोधड्या बडवत होतो. सगळे पोट धरून हसलो. आईसुद्धा बऱ्याच दिवसांनी हसली.

मग काकांनी एकेक गोष्ट शिकवली. सांध्यातला जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्यानं मऊ करून खरवडून काढायचा, कारण जुन्या सरसावर नवा धरत नाही. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते. तेवढा भुसभुशीत भाग काढून तिथं जुन्या चौकटीतला सागाचा तुकडा बसवला. फेव्हिकॉल लावून, सायकलच्या जुन्या ट्यूबनं पाय आवळून बांधला आणि एक दिवस हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. खुर्चीवर कधीतरी निळा ऑइलपेंट चढवला होता. तो खरवडायला चार रविवार लागले. काचपेपर रेषेच्या दिशेनंच फिरवायचा, आडवा फिरवला तर ओरखडे उठतात. धाकट्यानं घाईनं आडवा फिरवलाच. ते ओरखडे अजून दिसतात. काका म्हणाले, राहू दे, तो मोठा झाला की बघेल.

टेबलाचा खण पावसात घट्ट अडकायचा. आम्ही रंधा मारायला निघालो, तर काकांनी हात धरला. म्हणाले, "पावसात लाकूड फुगतं. आत्ता रंधलात तर उन्हाळ्यात खण खळाखळा हलेल. थांबा." पॉलिशचंही तेच. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून केलेलं पॉलिश दमट हवेत लावलं की पांढरं पडतं. म्हणून ते अश्विन पौर्णिमेनंतर, कोरडी हवा सुटल्यावर लावलं. रागाच्या भरात माणसाला रंधा मारू नये, हेही आम्हाला त्या खणाशेजारी बसूनच कळलं. घरात मुलीशी अभ्यासावरून रोजची खडाजंगी व्हायची. शेजारी बसून लाकूड घासताना ती आपणहून बोलायला लागली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्या दिवशी ट्यूब सोडली आणि खुर्ची चारही पायांवर उभी राहिली, त्या दिवशी आईला म्हटलं, बस. आई बसली नाही. तिनं पाठीवर हात ठेवून खुर्ची हलवून पाहिली. हलली नाही. मग म्हणाली, "एवढंच काम होतं?"

बंधू-भगिनींनो, पायाचं काम खरोखर अर्ध्या तासाचं होतं. त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ते मनात घेऊनच इथं उभे आहोत.

त्यानंतर एका रविवारी इथंच विहारात अंगुत्तर निकायातील एका सुत्ताची माहिती ऐकली. चारच्या वर्गातलं ते सुत्त आहे. भरभराटीला आलेली कुळं का टिकत नाहीत, याची चार कारणं तथागतांनी त्यात दिली आहेत. हरवलेलं ती शोधत नाहीत. जीर्ण झालेलं दुरुस्त करत नाहीत. खाण्यापिण्याला धरबंध ठेवत नाहीत. आणि शीलभ्रष्ट बाईच्या किंवा पुरुषाच्या हाती कारभार देतात. जी कुळं टिकतात ती याच्या उलट वागतात. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. हरवलेलं शोधणं म्हणजे मोरीतला खुर्चीचा हात. जीर्ण झालेलं दुरुस्त करणं म्हणजे पडवीतली खुर्ची. आम्हाला वाटायचं धम्म म्हणजे विहार, वंदना, शिबिर, आणि घर म्हणजे निव्वळ रगाडा. पण तथागतांनी गृहस्थाला घरातल्या मोडक्या वस्तूपर्यंत येऊन सांगितलं आहे.

तथागतांच्या उपदेशात सुतार पुष्कळदा भेटतो. संयुत्त निकायात वाकसाच्या दांड्याची उपमा आहे. रोज धरून धरून दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजला की कळतं. चित्तातले मळही नेटानं साधना करणाऱ्याचे असेच झिजतात. मज्झिम निकायात दुसरी उपमा आहे. जाड खुंटी काढायला सुतार बारीक खुंटी ठोकतो, तसा वाईट विचार चांगल्या विचारानं बाहेर काढायचा. ही वचनं आम्ही पूर्वीही ऐकली होती. हातात काचपेपर धरल्यावर ती समजली.

काही जण याला अध्यात्म म्हणतील. आपल्या धम्मात आत्मा नाही, म्हणून तो शब्द आम्ही जपून वापरतो. आम्ही एवढंच म्हणू की हात कामात आणि मन हाताजवळ, असा अर्धा तास मिळाला की चित्त थोडं निवळतं. त्यासाठी डोंगरावर जावं लागत नाही, पडवी पुरते.

एका मित्रानं आम्हाला अडवून विचारलं, "धम्म अनित्य शिकवतो, आणि तुम्ही खुर्चीत जीव अडकवता? ही तृष्णाच नाही का?" प्रश्न योग्य होता. त्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. याचं उत्तर आनंद स्थविरांच्या एका गोष्टीत सापडतं. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला वाटलं, भिक्खूला एवढी वस्त्रं कशाला? त्यानं विचारलं. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जुन्या चीवरांचं काय? अंथरुणावर घालू. जुन्या पलंगपोसांचं काय? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचं काय? जमिनीवर अंथरू. त्याही फाटल्या तर? पायपुसणी करू, मग धूळ झटकायची फडकी. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. विनयपिटकातली ही गोष्ट आहे. राजा इतका संतुष्ट झाला की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आनंदांना वस्त्राची आसक्ती नव्हती, पण हेळसांडही नव्हती. दान देणाऱ्याचे कष्ट त्या वस्त्रात होते. आम्हाला उमगलं ते असं की वस्तू अनित्य आहे म्हणूनच तिची निगा राखावी लागते. जे कधी मोडणारच नाही त्याची कोण कशाला काळजी घेईल? माणसांचंही तसंच. आसक्ती म्हणते, हे माझ्याकडेच राहो. निगा म्हणते, हे आहे तोवर नीट राहो.

बाबासाहेबांच्या वस्तूंचा विचारही याच नजरेनं करावा. दादरच्या राजगृहात, नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. चिचोलीला त्यांचा टाइपरायटर आहे, कपडे आहेत. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या संयोजनात ज्यांचा मोठा वाटा होता त्या वामनराव गोडबोले यांनी तो संग्रह उभा केला. कापड विरतं, लोखंड गंजतं, म्हणून तिथं जतनासाठी कष्ट घ्यावे लागतात. आपण तिथं वस्तूची पूजा करायला जात नाही. एका माणसानं समाजासाठी किती राबावं, हे त्या झिजलेल्या वस्तूंकडे पाहून कळतं.

मित्राच्या प्रश्नाची परीक्षा आम्ही आमच्यावरच घेतली. आसक्ती नसेल तर देता आलं पाहिजे. म्हणून आईला विचारून, बाबांचं टेबल आणि खुर्ची आज आम्ही विहाराच्या अभ्यासिकेला देत आहोत. खरं सांगायचं तर सकाळी टेम्पोत चढवताना जीव तुटला. तेव्हा परीक्षेत पूर्ण पास झालो असं म्हणता येणार नाही. पण टेबल पुन्हा मुलांच्या वह्यांखाली आलं, हे बाबांना आवडलं असतं.

जाता जाता दोन विनंत्या. विहाराच्या जिन्याखाली पाच-सहा मोडके बाक आणि एक पुस्तकांचं कपाट पडून आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर एक तास आपण सगळे मिळून ते दुरुस्त करू या. काका शिकवायला तयार आहेत. काचपेपर आणि फेव्हिकॉल आमच्याकडून.

दुसरी विनंती अशी. तुमच्या घरात कुणीतरी थकलेलं माणूस काहीतरी बारीकसं मागत असेल. चष्म्याची काडी, दाराची कडी, काठीचं रबर, खाटेचा हलणारा पाय. रविवारची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर करा. अर्ध्या तासाचंच काम असतं.

आमचं काही चुकलं असेल तर क्षमा करावी.

नमो बुद्धाय! जय भीम!