भोक बुजलं, फाइल राहिली

सर, बाई आणि आपल्या बॅचच्या सगळ्यांनो, बोलताना अजून मध्येच शब्द अडतो, म्हणून लिहून आणलंय.

पी.टी.च्या तासाला मी लिंबाखाली बसायचे, आठवतंय? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. पाचवीत असताना पुण्याला ऑपरेशन करून त्यावर पॅच लावला. आईनं पेढे वाटले आणि विषय संपला. पुढं इंजिनिअरिंग, नोकरी, बाळंतपण सगळं झालं. हृदयाच्या डॉक्टरकडं मात्र तीस वर्षं फिरकले नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्द फुटेना. उजव्या हातातून पेन गळालं. शेजारच्या मुलीनं माझं तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि सरळ गाडीत घातलं. दीड तासात दवाखाना गाठला, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं; ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. "आधी कसलं ऑपरेशन झालंय?" असं विचारल्यावर नवऱ्याला एवढंच सांगता आलं, "भोक होतं."

भोक बुजलं होतं, पण जादा रक्तानं ताणलेला कप्पा आणि टाक्यांचा व्रण तसाच होता. अशा जागी पुढं कित्येक वर्षांनी ठोक्यांची लय बिघडते. वरचे कप्पे नुसतेच थरथरतात, रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडं जाते. मला अधूनमधून धडधडायचं. मी ते डेडलाइनच्या नावावर खपवायचे. पॅच टाकल्यावर लॉग बघत जा, हे ज्युनिअर पोरांना रोज सांगणारी मी!

कॅनडातल्या क्युबेकमधला 2015 सालचा एक अभ्यास आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्यांत 18 ते 64 या वयात दर 11 पुरुषांमागं एकाला आणि दर 15 बायकांमागं एकीला पक्षाघात झाल्याचं त्यात दिसलं. आता मी रोज गुठळी न होण्याची गोळी घेते, दर सहा महिन्यांनी तपासणी करते.

बाई, वर्गात तेव्हा मी एकटीच होते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येऊन मुलं तपासतात, हृदयाला भोक असलेली पोरं सापडतात, त्यांची ऑपरेशनं होतात. पण आपल्याकडं आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. कोपीत फाइल कुठं टिकायची? ऑपरेशनच्या कागदांची एक झेरॉक्स शाळेत ठेवा, आणि दाखला देताना ती पोराच्या हातात द्या.

माझी फाइल शेवटी सापडली. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दहावीच्या गुणपत्रिकेखाली.