कोड एडिटरमधील अक्षरदोष : परीक्षा व निवारण
(उच्च प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ह्यात सहावी ते आठवीच्या स्तरावर कोडिंगचा, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचा, परिचय करून द्यावा असे म्हटले आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ह्या कामास हात घातलेला आहे. ही आज्ञावली ज्या पाटीवर लिहावयाची तिला कोड एडिटर म्हणतात. पायथनबरोबर येणारा आयडल, नोटपॅड प्लस प्लस, व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही त्याची परिचित उदाहरणे होत. पत्रलेखनाच्या प्रणालीत अक्षर ठळक करता येते, तिरपे करता येते. एडिटर असले काही मनात ठेवीत नाही. तो केवळ अक्षरे साठवितो आणि साठविलेली अक्षरे डोळ्यांपुढे मांडतो.

शिक्षकांची तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. रोमन लिपीतील मजकूर सुरळीत उमटतो. परंतु मुलाने स्वतःचे नाव मराठीत लिहिले की कधी रिकाम्या चौकटी दिसतात, कधी अक्षरे तुटून पडतात, तर कधी परदेशी चिन्हांची ओळच्या ओळ उभी राहते. अशा वेळी ‘मराठीचा हट्ट सोडा, नावे रोमनमध्ये लिहा’ असा सल्ला देणारे तज्ज्ञ भेटतात. मला तो सल्ला मान्य नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल ज्या लिपीत विचार करते त्या लिपीत त्याच्या पहिल्या आज्ञावलीने उत्तर देऊ नये, हे उलटे होय. शिवाय हा दोष मराठीचा नाही. तो कोठे आहे हे ओळखण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे तो मराठीचा वाटतो, इतकेच.

ही रीत समजण्यासाठी आपल्याच वर्गातील एका पाठाचा आधार घेऊ. जोडाक्षरांची फोड आपण मुलांकडून रोज करवून घेतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. फळ्यावर त्यात तीनच अक्षरे दिसतात : वि, द्या, र्थी. पायथनला ह्या शब्दाची लांबी विचारा. तो दहा असे उत्तर देईल. मुले लगेच म्हणतात, संगणक चुकला. संगणक चुकलेला नाही. त्याच्याजवळ शब्द फोड करून ठेवलेला आहे : व, ऱ्हस्व वेलांटी, द, पाय मोडण्याचे चिन्ह, य, काना, र, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह, थ आणि दीर्घ वेलांटी. मोजून पाहावे, दहाच भरतात. व्याकरणातील वर्णविग्रहात आठच वर्ण येतात, कारण तेथे ‘व्’ आणि ‘इ’ असे आपण मांडतो. येथे ‘व’मध्ये ‘अ’ गृहीत धरलेला असतो आणि पाय मोडण्याचे चिन्ह वेगळे मोजले जाते. ह्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड ह्या जागतिक तक्त्यात स्वतःचा क्रमांक आहे. ह्या तक्त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली.

तेव्हा संगणकात साठवण असते ती फोडीची, आणि पडद्यावर दिसते ती जोड. ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर, पण दिसते व्यंजनाच्या आधी. रफारातील ‘र’ साठविला जातो ‘थ’च्या आधी, पण बसतो ‘थी’च्या डोक्यावर. ही जोड करण्याचे काम फॉन्ट आणि अक्षरजुळणी करणारी प्रणाली ह्या दोघांचे आहे.

म्हणून पडद्यावर काहीही विपरीत दिसले तर प्रथम एकच प्रश्न विचारावा : बिघाड जोडीत आहे, की फोडीत? जोडीत असेल तर मजकुराला हात लावू नये. तो सुखरूप आहे. फोडीत असेल तर फॉन्ट कितीही बदलले तरी उपयोग होणार नाही. आणि ह्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ‘सेव्ह’ची कळ दाबू नये. ह्या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण अनेक वर्षांचा पट ह्या एका कळीने मातीमोल होऊ शकतो.

जोडीतील दोष ओळखावयास सोपे व दुरुस्त करावयासही सोपे असतात. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या तर फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत असे समजावे. कोड लिहिण्यासाठी वापरले जाणारे पुष्कळसे समरुंदीचे रोमन फॉन्ट, उदाहरणार्थ कन्सोलास, देवनागरी जाणत नाहीत. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टची नावे स्वल्पविराम देऊन एकापुढे एक लिहिता येतात. तेथे रोमन फॉन्टपुढे नोटो सान्स देवनागरी, मुक्त किंवा विंडोजमधील निर्मला यूआय ह्यांपैकी एक नाव घालावे. रफार, अनुस्वार वा खालचे उकार छाटल्यासारखे दिसत असतील तर ओळींतील अंतर कमी पडत आहे. त्याच सेटिंग्जमध्ये ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट करावी. आज्ञावलीचे उत्तर ज्या काळ्या खिडकीत उमटते तेथे पुष्कळदा जोडाक्षरे तुटलेली दिसतात. तेच उत्तर फाइलमध्ये लिहवून एडिटरमध्ये उघडावे. तेथे शब्द अखंड दिसला तर दोष त्या खिडकीचा आहे, मुलाच्या आज्ञावलीचा नाही, आणि त्याचे गुण कापण्याचे कारण नाही.

वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, ते मात्र फोडीतील दोषाचे चिन्ह आहे. ज्यांचा हात मराठी टंकलेखन यंत्रावर बसलेला आहे ते ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर टंकित करतात. यंत्राच्या कागदावर ते बरोबरच होते. युनिकोडमध्ये मात्र अशी वेलांटी आधाराविना राहते, आणि प्रणाली ते वर्तुळ काढून ‘येथे व्यंजन हवे होते’ असे सुचविते.

आता अधिक गंभीर दोषाकडे वळू. फाइल उघडली आणि मराठीऐवजी ओळभर एकच ठरावीक आकृती पुनःपुन्हा दिसली : डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’, त्यापुढे चलनाचे किंवा येनचे चिन्ह आणि मग आणखी काही तरी. हे दृश्य भयंकर असले तरी बहुधा मजकूर अद्याप जिवंत असतो. त्याचे कारण असे. यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी तयार केली. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘शाळा’ ह्या शब्दातील चार चिन्हांचे बारा बाइट होतात. एडिटरने ती फाइल विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य तक्त्याप्रमाणे वाचली तर प्रत्येक बाइट त्याला स्वतंत्र अक्षर वाटते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून ते तिरप्या रेघेचे ‘ए’ दर तीन घरांनी पुन्हा येते. पत्र मराठीत आहे आणि वाचणारा ते फ्रेंच समजून वाचीत आहे, असा हा प्रकार होय.

येथे दोन आज्ञा दिसावयास सारख्या, पण परिणामी अगदी भिन्न आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचे नाव असते. त्यावर टिचकी दिली की ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय तेच बाइट दुसऱ्या तक्त्याने पुन्हा वाचतो. फाइलमध्ये काहीही बदलत नाही. दुसरा पर्याय पडद्यावर या क्षणी जे दिसत आहे ते नव्या पद्धतीने लिहून काढतो. पडद्यावर कचरा असेल तर तो कचराच आदरपूर्वक लिहिला जातो! नोटपॅड प्लस प्लसमध्ये हाच भेद ‘एन्कोडिंग’ यादीतील नुसते ‘यूटीएफ-८’ आणि ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ ह्या दोन ओळींत आहे. वाचन चुकले असेल तर पहिली ओळ निवडावी. मराठी नीट दिसू लागल्यावरच जतन करण्याचा विचार करावा.

बिघडलेले रूप एकदा जतन झाले तर ते उलट्या वाटेने परत आणता येते काय? पुष्कळदा येते, परंतु त्यात एक खाच आहे. पाय मोडण्याच्या चिन्हाचा तिसरा बाइट आठ-डी ह्या क्रमांकाचा असतो, आणि विंडोजच्या त्या जुन्या तक्त्यात ह्या क्रमांकाला अक्षरच नेमलेले नाही. म्हणून काही प्रणालींत नेमका तोच बाइट गळतो, आणि मजकूर परत आला तरी जोडाक्षरे येत नाहीत. विंडोजवर पायथनने मराठी फाइल वाचताना ‘आठ-डी हा बाइट उलगडत नाही’ अशा अर्थाचा जो दोषसंदेश वारंवार येतो त्याचे मूळही हेच. फाइल उघडण्याच्या आज्ञेत एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट लिहावे. मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

जेथे अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे राहिली आहेत तेथे मात्र इलाज नाही. विंडोजचे नोटपॅड मे २०१९च्या अद्ययावतीकरणापूर्वी नव्या फाइली जुन्या ‘आन्सी’ पद्धतीने जतन करीत असे. त्या तक्त्यात देवनागरी नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाई. प्रणाली आधी सूचना देत असे, पण इंग्रजीतील सूचना न वाचता ‘ओके’ म्हणण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. शाळांत अजून जुने संगणक आहेत; त्यांवर जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडले आहे याची खात्री करून घ्यावी आणि मूळ फाइलची एक प्रत आधी वेगळी ठेवावी.

आता आपल्या भाषेतील एक खास अडचण सांगतो. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड हे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यातील ‘र’चे आडवे रूप मराठीचे वैशिष्ट्य होय. ते दोन प्रकारे साठविले जाते. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह : कऱ्हाड. दुसरे, साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह : कर्‍हाड. डोळ्यांना भेद दिसत नाही. पायथन मात्र पहिल्या शब्दाची लांबी सहा सांगतो, दुसऱ्याची सात, आणि दोन्ही शब्द समान आहेत काय असे विचारल्यास नाही म्हणतो. समजा, मुलांच्या गावांची यादी दोन शिक्षकांनी निरनिराळ्या कळफलकांवर लिहिली. आज्ञावली एकाच गावाची दोन गावे मोजील, आणि दोष सापडता सापडणार नाही. ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ हा उपाय कोणी सुचविला तर तो करू नये. जोडचिन्ह काढताच रफार तयार होतो आणि नाव ‘कर्हाड’ असे उमटते. त्याऐवजी शाळेने ऱ हे एकच रूप ठरवावे आणि एडिटरच्या शोध-बदल सोयीने दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करावे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’चीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो.

हेच अदृश्य चिन्ह आणखी एका ठिकाणी आडवे येते. पायथन ३ मध्ये चलांना ‘गुण’, ‘बेरीज’ अशी मराठी नावे देता येतात. मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते. परंतु नावात हे जोडचिन्ह आले तर पायथन ते स्वीकारीत नाही. केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन ह्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले की, न दिसणाऱ्या चिन्हांच्या साहाय्याने आज्ञावली दिसते एक आणि चालते दुसरी, असे करता येते. त्यानंतर व्हिज्युअल स्टुडिओ कोडने अशी चिन्हे चौकटीत दाखविण्याची सोय केली. ती बंद करू नये.

समासाच्या दोषांबद्दल थोडक्यात सांगतो. पायथनमध्ये ओळ किती आत सरकविली आहे ह्याला अर्थ आहे. एका ओळीत टॅब आणि दुसरीत मोकळ्या जागा असतील तर डोळ्यांना समास सारखा दिसेल, पण पायथन ३ असे मिश्रण नाकारतो. मोकळ्या जागा दाखविण्याची सोय चालू करावी. टॅब बाणासारखा आणि मोकळी जागा ठिपक्यासारखी दिसू लागते. सर्वत्र चार मोकळ्या जागा ठेवाव्यात. पत्रलेखनाच्या प्रणालीतून उतरविलेली वळणदार अवतरणचिन्हे आज्ञावलीत चालत नाहीत. ती सरळ करून घ्यावीत. अंकांविषयी मुले विचारतील : आज्ञावलीत थेट १२ असे देवनागरीत लिहिलेले पायथन मानीत नाही, परंतु अवतरणात दिलेल्या ‘१२’चे पूर्णांकात रूपांतर करण्यास सांगितले तर ते तो बिनचूक करतो.

आता मधली सुट्टी होईल. त्यानंतर प्रत्येक संगणकावर आपणांस पाच फाइली आढळतील. एकीत चौकटी दिसतील, एकीत ठिपक्यांचे वर्तुळ, एकीत तिरप्या रेघेच्या ‘ए’ची रांग, एकीत प्रश्नचिन्हे, आणि पाचवी सर्वांगी ठीक दिसेल. दोघादोघांनी मिळून बसावे, प्रत्येक फाइलविषयी ‘फोड’ की ‘जोड’ हे आधी कागदावर लिहावे आणि मगच कळफलकास हात लावावा. पाचव्या फाइलीत तीस नावे आहेत. त्यांतील कोणती दोन गावे वस्तुतः एक आहेत हे शोधून काढावे.