गावाबाहेरच्या डीपीवर

नागपूर, पुणे, रायपूरहून आलेल्या अभियंता मित्रमैत्रिणींनो,

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी नांदते आहे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच. त्याच मुलखात, इथे उतईत, आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या जलद चार्जिंगच्या कन्व्हर्टरवर मराठीतून बोललं जाणार, याचा मला फार आनंद आहे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे माझं उभं आयुष्य तिथल्याच रोलिंग मिलच्या मोटरींपाशी गेलं. लालभडक ठोकळा रोलरांत शिरला की मोटरवर एकदम लोड यायचा. तो सांभाळायला आत करंटचा चपळ लूप आणि बाहेर वेगाचा सावकाश लूप, ही जुळणी आम्ही हाताने करत असू. तुमच्या चार्जरच्या सप्लायकडच्या टप्प्यातही तीच जुळणी आहे. वेगाच्या जागी डीसी व्होल्टेज आलं, एवढंच.

पण मिलच्या पाठीशी भक्कम सप्लाय होता. गावात ६० किलोवॅटचा चार्जर बसवणं म्हणजे ५ हॉर्सपॉवरचे १६ पंप एकदम सुरू करणं. ४१५ व्होल्टला तो साधारण ८५ अँपिअर ओढतो. उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं आणि व्होल्टेज ३५० वर आलं, तरी कंट्रोलर ६० किलोवॅटचा हट्ट सोडत नाही. करंट जातो १०० वर. त्याने लाइन आणखी पडते, की हा आणखी ओढतो. पडत्याला धक्का म्हणतात तो हाच! प्रयोगशाळेतल्या ताठ सप्लायवर तो दिसतच नाही.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणं आहे. कार्यक्षमता अर्धा टक्का वाढवण्याआधी चार्जरला व्होल्टेज पाहून माघार घ्यायला शिकवा. सोय आहेच: गाडी करंट मागते, चार्जर आपली मर्यादा तिला कळवतो. ती मर्यादा हळूहळू खाली आणा. गाडीवाल्याला थोडं थांबावं लागेल, पण शेजारच्या शेतकऱ्याचा पंप जळणार नाही. आणि इथल्या मे महिन्यात सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचांनाही ती उसंत हवीच असते.

संध्याकाळी चहा झाला की आपण गावाबाहेरच्या डीपीवर जाणार आहोत. ज्यांनी पॉवर ॲनालायझर आणला असेल, त्यांनी तो सोबत घ्यावा.