वाचता येते, पण समजते का?

आज आपल्याशी लहान मुलांच्या वाचनाविषयी थोडे बोलायचे आहे. गुरुजींसाठी आणि बाईंसाठी हे बोलणे आहेच. पण ज्यांच्या घरी चार ते आठ वर्षांचे मूल आहे, अशा आईबापांनी आणि आजीआजोबांनीही ते ऐकावे. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी तर जरूर ऐकावे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लहानशा गावात मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होतो. गावाला नदी नव्हती, एक ओढा होता. धड्यात नदीच्या पुराचे वर्णन होते. एक मुलगी उभी राहिली आणि तिने तो उतारा खडाखडा, कुठेही न अडखळता वाचला. मी खूष झालो. सहज विचारले, "पुरात काठावरची झाडं वाहून गेली, म्हणजे कुठली ग? काठ म्हणजे काय?"

ती म्हणाली, "गुरुजी, लुगड्याला असतो त्यो."

वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसलो, आणि "चूक! बस खाली," म्हणून मोकळा झालो. त्या दिवसापासून ती पोर वर्गात बोलेनाशी झाली.

पुढे एकदा पावसाळ्यात मी ओढा ओलांडत होतो. पलीकडे तीच मुलगी शेळ्या घेऊन उभी. मला पाहून ओरडली, "गुरुजी, हिकडनं नका येऊ, गाळ हाय. त्या थडीनं वर जावा!"

मी जागच्या जागी थबकलो. नदीचा काठ म्हणजे काय, हे त्या पोरीला पक्के ठाऊक होते. तिच्या घरी त्याला 'थड' म्हणत, एवढेच. आणि हा शब्द काही अडाणी नव्हे. भीमेच्या थडीचा मुलूख म्हणून तर आपण 'भीमथडी' म्हणतो! शिवाय तिचे वर्गातले उत्तरही चूक नव्हते. लुगड्याची कड म्हणजे काठ, तशी पाण्याची कड म्हणजेही काठ. दोन्ही गोष्टी तिच्यापाशी होत्या. त्या एकमेकींना जोडून देण्याचे काम माझे होते, ते मी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'थड' आणि 'काठ' हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि पहिला शब्द मला कोणी दिला ते वर्गाला सांगितले. तिने मान वर केली. पुन्हा बोलू लागायला मात्र तिला आणखी महिना लागला.

आपली देवनागरी लिपी अशी आहे की, अक्षरे आणि जोडाक्षरे एकदा बसली म्हणजे अर्थ न कळताही मूल वाचू शकते. ऐकणाऱ्याला वाटते, छान वाचतो! इथेच आपण फसतो. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे गुणाकाराच्या रूपाने मांडले. अक्षरे वाचण्याची शक्ती गुणिले भाषा समजण्याची शक्ती, म्हणजे वाचून समजणे. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्य. दोन्हींची बेगमी करावी लागते. 'असर' या पाहणीत २०२२ साली आपल्या देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिथे तर नुसते वाचून दाखवायचे होते.

अक्षरांची बाजू शाळा सांभाळील. शब्दांची बाजू मात्र घरातच सुरू होते, आणि त्याला पैसा लागत नाही. आई धान्य करायला बसली की तिच्या हातून किती क्रिया होतात पाहा: पाखडणे, निवडणे, चाळणे, भरडणे. प्रत्येकीची हालचाल निराळी, शब्द निराळा. मूल शेजारी बसलेले असते. "बघ, मी आता पाखडतेय. फोलपट कसं पुढं जातंय आणि दाणा मागं राहतोय!" एवढे म्हटले की शब्द, वस्तू आणि कारण, तिन्ही त्याच्या पदरात पडतात. शेतावर नेलेत तर "ते आण" म्हणू नका. "जुवाची शिवळ आण" म्हणा. मोबाइल मुलाशी खूप बोलतो, पण मुलाच्या "का?"ला थांबून उत्तर देत नाही. ते आजीच देऊ जाणे.

गोष्ट सांगताना मध्येच थांबा. "आता तो काय करील? का बरं?" असे विचारा. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मूल नवे शब्द पकडते. घरातल्या कोणाला वाचता येत नसेल, तर मुलाला वाचायला लावा आणि म्हणा, "मला समजंल असं सांग." समजावून सांगताना त्याचे त्यालाच कळते, आपण कुठे अडलो ते.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. फळ्यावर शब्दार्थ लिहून ते वहीत उतरवून घेतले म्हणजे शब्द आला असे होत नाही. एका धड्यातले चार-पाचच शब्द निवडा. वस्तू दाखवता आली तर दाखवा, कृती करता आली तर करा. मग मुलाला त्याच्या स्वतःच्या घरचे, शिवारातले वाक्य करू द्या. चार दिवसांनी तोच शब्द दुसऱ्या बोलण्यात पुन्हा आणा. आणि घरचा शब्द आला तर त्याला 'चूक' म्हणू नका. "तुमच्याकडं असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात," म्हणा. एकाला दोन शब्द झाले, तोटा कोणाचा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरे चरायची त्या कुरणातही गेली. खडे, शिंपले, पाने, बिया हेच तिथले शिक्षणाचे साहित्य. मुलाजवळ जे आहे तिथून आरंभ करायचा, हा त्यांचा धडा आजही आपल्या उपयोगाचा आहे.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की मुलाला पुस्तक घेऊन जवळ बसवा. एक पान वाचून घ्या आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारा. उत्तर विचित्र आले तर हसू नका. "तुला असं का वाटलं?" एवढेच विचारा आणि ते काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.