वजनाची मजुरी आणि कामाची प्रत

(पाचोड, ता. पैठण येथे शेतकरी व शेतमजूर यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यात आणि विदर्भात कापसाच्या पहिल्या वेचणीला 'सीतादही' करण्याची चाल आहे. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखविला जातो, झाडाला हळदकुंकू लागते आणि मग बायका ओट्या बांधून ओळीत शिरतात. त्याच बायका संध्याकाळी बांधावर वजनकाट्यासमोर उभ्या राहतात. काटा एकच प्रश्न विचारतो : किती किलो? कापूस सुका आहे की दवाने ओला, पांढरा आहे की त्यात कवडी मिसळली आहे, पाचोळा काढलेला आहे की तसाच ओटीत आला आहे, याची काट्याला फिकीर नसते. सकाळी ज्या कामाची पूजा झाली त्याचे संध्याकाळी केवळ वजन उरते.

आजचा विषय हा असा आहे. काम चांगले व्हावे, लवकर व्हावे आणि पुष्कळ व्हावे, या तिन्ही अपेक्षा कामावर लावणाऱ्याच्या मनात एकाच वेळी असतात. मजुरी मात्र तो त्यांपैकी एकाच गोष्टीची देतो. उरलेल्या अपेक्षांचा खर्च मग कोणाच्या पदरातून जातो, हे पाहिले पाहिजे.

प्रथम चांगली वेचणी म्हणजे काय ते पाहू. दव वाळल्याखेरीज वेचणीस हात घालू नये. पूर्ण उमललेले बोंड तेवढे घ्यावे. खालच्या फांद्यांपासून वेचत वर जावे, म्हणजे वरचा वाळका पाला खालच्या कापसावर पडत नाही. किडके, पिवळट, अर्धवट फुटलेले बोंड वेगळ्या झोळीत टाकावे. केस कापडाने बांधून घ्यावेत आणि कापूस खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीत भरू नये. कारण त्या गोणीचा धागा रुईत मिसळला तर पुढे कापडाला रंग चढताना तेवढी रेघ कोरी राहते. हे नियम शेतीशास्त्रज्ञांनी वारंवार सांगितले आहेत, आणि वेचणाऱ्या बाईला त्यांतले बहुतेक सांगण्याची गरजही नाही. तिला ते हाताने ठाऊक आहेत. अडचण ज्ञानाची नसून हिशेबाची आहे.

हिशेबासाठी असे धरू की वेचणीचा दर किलोला १० रुपये आहे. एखादी बाई झपाट्याने वेचून दिवसाला ४० किलो कापूस काढते. तिला ४०० रुपये मिळतात. तीच बाई दव वाळेपर्यंत थांबली, पाला निवडत आणि कवडी बाजूला काढत गेली, तर तिचा कापूस ३२ किलो भरेल. म्हणजे ३२० रुपये. स्वच्छ कामासाठी तिने ८० रुपये आपल्या पदरचे घातले. शिवाय दवाचे पाणी काट्यावर कापसाच्याच भावाने तोलले जाते, हेही तिला दिसते. अशा व्यवस्थेत तिने वेगाने वेचले तर तिला बेपर्वा म्हणणे हा अन्याय आहे. 'दाम तसे काम' ही म्हण आपल्याकडे मजुराला टोमणा म्हणून वापरतात. वस्तुतः तो मजुरी ठरविणाऱ्याला दिलेला इशारा आहे.

अर्थशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात नोंदविले होते की, नगावर चांगला दर मिळू लागला म्हणजे कामगार अतिश्रम करतात आणि थोड्याच वर्षांत प्रकृती गमावतात. मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावरील मजुरीला स्वतंत्र प्रकरण दिले. या पद्धतीत कामाची प्रत मालच दाखवितो, त्यामुळे प्रतीचे निमित्त करून मजुरी कापणे सोपे जाते, आणि मालक व मजूर यांच्यामध्ये मुकादमांची साखळी उभी राहते, असे त्याने दाखविले. दोघांच्या विचारांत मोठे अंतर आहे. पण नगावरील मजुरीचा भार कामगाराच्या शरीरावर आणि मिळकतीवर पडतो, हे दोघांनीही पाहिले. बीड जिल्ह्यात याचा पुरावा फार दूर नाही. ऊसतोडणीची मजुरी टनावर असते आणि खाडा परवडत नाही. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. वेगाची किंमत शरीराने चुकती केली जाते, ती अशी.

येथे शेतकरी म्हणेल की, दर वाढविण्याइतके आमच्या पदरात तरी काय पडते? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पाचोडच्या मोसंबी बाजारात फळ डोळ्यांसमोर असते. आकार, रंग आणि डाग पाहून ढिगाची बोली होते. चांगल्या फळाची चांगली किंमत बागाइतदाराच्या हाती त्याच दिवशी येते. कापसाचे तसे नाही. खेडा खरेदीत व्यापारी दारात येतो, गंजीत हात घालून मूठभर कापूस पाहतो आणि गावभर बहुधा एकच सरासरी भाव फिरवितो. ज्याने निवडून वेचला त्याला तोच भाव आणि ज्याने ओरबाडला त्यालाही तोच. बाजार ज्या गुणाचे पैसे देत नाही, त्या गुणाचे पैसे लहान शेतकऱ्याने मजुराला द्यावेत कोठून?

सरकारी खरेदीने तरी हे साधते काय? भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरला जातो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. १२ टक्के ओलाव्याला त्यातून सुमारे ३२४ रुपये कापले जातात. नीट पाहिले तर हा दंड नव्हे. पाण्याचे वजन कापसाच्या भावाने भरले होते, तेवढेच परत घेतले. खरा दंड पुढे आहे. ओलावा १२ वर गेला म्हणजे गाडी परत फिरते आणि तोच कापूस खासगी व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने द्यावा लागतो. म्हणजे वाईट कामाला शिक्षा आहे, पण चांगल्या कामाला बक्षीस नाही. ही शिक्षाही अशा माणसाला होते, ज्याने ते काम हाताने केलेलेच नसते. मग तो घरी येऊन मजुरांवर रागावतो, आणि जिच्या हाताने कापूस वेचला तिला दुसऱ्या वर्षीही तोच दर मिळतो.

महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालविली. त्या योजनेत केंद्रावर प्रतवारी होत असे आणि प्रतीप्रमाणे भाव मिळावा हे तत्त्व मान्य होते. प्रत ठरविण्यावरून तंटे झाले, चुकारे रखडले, हे खरे. तथापि प्रतीला किंमत आहे, ही गोष्ट त्या योजनेने शेतकऱ्यापर्यंत आणली. मात्र ती शेतकऱ्याच्या बांधाशी थांबली. बांधाच्या आत, वेचणाऱ्या बाईच्या ओटीपर्यंत, ती पोहोचली नाही. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. बाजार आवारे सुधारली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने नवे झाले. यंत्रांवर खर्च झाला; वेचणीची मजुरी वजनावरच राहिली.

याचा शेवट सूतगिरणीत पाहावा. भारतातील कापूस हाताने वेचला जातो. हात बोंडाची निवड करू शकतो, यंत्राला ती साधत नाही. तेव्हा हा कापूस जगात सर्वांत स्वच्छ असावयास हवा. प्रत्यक्षात गिरण्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत भारताच्या काही जाती अधिक भेसळीच्या म्हणून पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. भेसळ म्हणजे काय, तर दोऱ्या, केस, चिंध्या, प्लॅस्टिक. म्हणून अनेक गिरण्यांत गाठी फोडून त्यांतला कचरा हाताने वेचण्यासाठी माणसे बसवावी लागतात, आणि त्यांत बहुधा स्त्रियाच असतात. विसंगती लक्षात घ्यावी. शेतातल्या बाईला स्वच्छ वेचण्याचे पैसे नाकारले, आणि त्याच स्वच्छतेसाठी गिरणीत दुसऱ्या बाईला मजुरी द्यावी लागली. पैसा वाचला नाही. तो उशिरा आणि अधिक खर्च झाला.

हा प्रश्न केवळ शिवारातला नाही. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणाऱ्या मजुरांचे काम पाहावे. ठेका चौरस फुटांवर सुटला की किती काच पुसली एवढेच मोजले जाते. चौकटीचे कोपरे नीट पुसणे, डाग राहिला तेथे पुन्हा हात फिरविणे आणि खाली उतरण्यापूर्वी दोर व गाठ तपासणे यांना लागणारा वेळ चौरस फुटांत बसत नाही. कोपरा राहिला तर गिऱ्हाइकाची तक्रार येते. दोर तपासायचा राहिला तर माणूस जातो. मोजमापाबाहेर ठेवलेल्या कामात मजुराचा जीवही असतो.

येथे एक सावधगिरी हवी. वेग हा प्रतीचा नेहमीच शत्रू असतो असे नाही. परतीचा पाऊस डोक्यावर असताना उमललेले बोंड झाडावर राहिले तर कापूस भिजतो, पिवळा पडतो, सरकीला कोंब येतात. त्या दोन दिवसांत झपाट्याने वेचणे हेच चांगले काम होय. उलट मार्गशीर्ष-पौषात, आभाळ निरभ्र असताना, सकाळी सातला दवात वेचणी सुरू करण्याचे कारण नाही. पहिल्या वेचणीत बोंडे कमी, मधल्या वेचण्यांत झाड लदलेले, शेवटी फरदडीत एकेका बोंडासाठी झाड धुंडाळावे लागते. एवढे भिन्न काम एका दराने मोजले म्हणजे कधी मजुरावर अन्याय होतो आणि कधी मालावर. शेवटच्या वेचणीला शेतकरी दर वाढवून देतोच. म्हणजे वजन हे श्रमाचे पुरते माप नव्हे, हे त्यालाही मान्य आहे.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचा अनुभव आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने जवळून पाहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेथेही मजुरी कामाच्या मापावर होती. तथापि मऊ माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे होते. माती किती लांब वाहिली आणि किती उंच चढविली याचा हिशेब वेगळा होता. सर्वसाधारण माणसाने सात तास मन लावून काम केले तर त्याला किमान वेतन पडावे, अशा बेताने दर बांधण्याचे तत्त्व होते. मोजमापाच्या तक्रारी तेथे पुष्कळ झाल्या. पण काम कठीण असेल तर दर वाढला पाहिजे आणि मापाच्या तळाशी दिवसाच्या मजुरीची हमी पाहिजे, ही दोन तत्त्वे त्या योजनेने रुजविली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेही नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या किमान वेतनाचे संरक्षण दिले होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व कायम आहे. कायद्यात आहे ते बांधावर आणणे एवढेच उरते.

ते कसे आणावे? दिवसाची किमान मजुरी आधी ठरावी आणि ठरावीक वजनापुढील वेचणीला किलोवर जादा द्यावे. म्हणजे दव वाळेपर्यंतचा तास मजुराच्या खात्यातून जाणार नाही. काट्यावर दोन ढीग असावेत. पांढऱ्या, निवडलेल्या कापसाला चढा दर द्यावा आणि कवडीचाही दर ठरलेला असावा. कारण कवडी वेगळी काढणे हेही काम आहे, आणि तिचे पैसे मिळाले नाहीत तर ती चांगल्या कापसातच जाईल. झोळ्या आणि डोक्याचे कापड सुती असावे व ते कामावर लावणाऱ्याने पुरवावे. कामाची निगराणी करायला मुकादम नेमण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

पण मघाच्या उदाहरणातील बाईचे ४०० रुपये भरून यावयाचे तर ३२ किलोला साडेबारा रुपये दर पडतो. ते अडीच रुपये एकट्या शेतकऱ्याने आपल्या पोटातून काढावेत, असे म्हणणे सोपे आणि निरर्थक आहे. गावातील शेतकऱ्यांनी निवडलेला कापूस एकत्र ठेवावा, त्याची प्रत व ओलावा लिहून ठेवावा, जिनिंगमध्ये त्याची वेगळी गाठ बांधून घ्यावी आणि भाव त्या गाठीवर मागावा. तेव्हाच गिरणीत कचरा वेचण्यावर खर्च होणारा पैसा उलट वाटेने बांधापर्यंत येईल. भाव वाढल्यास त्यातील वेचणीचा वाटा किती, हे हंगामाच्या आरंभी, सीतादहीच्या दिवशीच, शेतकरी आणि मजूर यांनी समोरासमोर बसून ठरवावे. शेतकरी आणि शेतमजूर यांचे हित येथे विरोधी नाही. त्यांना एकमेकांसमोर उभे करतो तो एकच प्रश्न विचारणारा काटा.

काट्याला दुसरा प्रश्न विचारायला शिकविणे हे काम संघटनेचे आहे. वेचणाऱ्या बायका आणि लहान शेतकरी एका सभेला बसले तर ते अशक्य नाही. आणि ते झाले नाही, तर परत फिरलेल्या गाडीचा राग पुढल्या वर्षीही त्याच बाईवर निघेल, जिने सांगितले तेच केले होते : वजन भरले होते.